बरणीतलं हिरवं

सूर्य मावळायच्या आत खैरबोडीच्या तलावाचा निकाल लागायचा होता, आणि तो लावायला जिला नागपूरहून बोलावलं होतं ती प्रणोती नान्हे तलावाच्या मधोमध डोंग्यात उकिडवी बसून, चहाच्या गाळणीनं पाण्यावरचं हिरवं गोळा करत होती.

तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, पिवळा टँकर उभा होता. त्याच्या टपावर चार ड्रोन पाय रोवून बसले होते. त्यांच्या पोटात जे द्रावण होतं त्याला सरकारी भाषेत ‘निवारक’ म्हणत. खैरबोडीचे लोक सरळ विष म्हणत होते, आणि त्यांचंच बरोबर होतं. ते पाण्यावर पडलं की हिरवं म्हणून जे काही आहे ते मरतं, मेलेलं हिरवं कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, आणि मग रोहू, कतला, मरळ सगळे पांढरी पोटं वर करून काठाला लागतात. शिंगाड्याचे वेलही जातात. तलाव पुन्हा उभा राहायला पाच-सहा वर्षं. या पाण्यावर ज्यांच्या चुली पेटत होत्या त्या ढिवरांच्या घरांनी तोवर काय करायचं, हे निवारकाच्या माहितीपत्रकात दिलेलं नव्हतं.

डोंगा हाकणारा होमराज हा प्रणोतीचा चुलतभाऊ आणि मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. एरवी बोलायला लागला की थांबत नसे. आज तो बांबू टेकवायचा, उचलायचा, एवढंच करत होता. त्याची सहा वर्षांची आर्वी तालुक्याच्या दवाखान्यात बेशुद्ध होती. घाटाच्या पायऱ्यांवर भातुकली खेळताना तिनं पाण्यावरचं हिरवं ओंजळीनं काढून त्याचा शिरा केला होता, आणि खेळातला शिरा खरोखरच खाल्ला होता. संध्याकाळी तिला दरदरून घाम सुटला, हातपाय कापायला लागले आणि मग ती हाकेला ओ देईना. डॉक्टरांनी रक्तातली साखर मोजली, ती पार तळाला गेलेली पाहून ते चरकले. ग्रामपंचायतीच्या यंत्रानं तलावाचं पाणी तपासलं, तेव्हा त्यात जे जनुक सापडलं ते कुठल्याच तलावात असायला नको होतं.

‘‘दादा, तू दवाखान्यात का नाई गेलास?’’

‘‘तिची माय हाय तिथं.’’ होमराजनं टँकरकडं पाहिलं. ‘‘इथं बी कोणी पायजे ना.’’ थोडं अंतर गेल्यावर तो हळूच म्हणाला, ‘‘बाई, एक इचारू? हे हिरवं आपलंच हाय, तलावातलं पहिल्यापासूनचं, असं लिहिलं तं?’’

‘‘आर्वी तिथं पडली आहे अन् तू हे बोलतोस?’’

‘‘म्हणूनच बोलतो. पोरगी आज ना उद्या घरी येईन. घरी आल्यावर तिच्या ताटात काय वाढू?’’

प्रणोतीनं गाळणी झटकली. तिनं पुढची बाटली उघडली.

सोसायटीच्या वजनकाट्याच्या शेडमध्ये टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला होता. शेजारी जैवसुरक्षा अधिकारी राजुरकर हात मागं बांधून उभा. माणूस तरुण, सभ्य, आणि नियम तोंडपाठ असलेला. अशा माणसावर रागावताही येत नाही.

‘‘मॅडम, तुमचं गाव आहे हे तुम्ही आधीच कळवलंत, त्याची नोंद आहे,’’ तो म्हणाला. ‘‘पण पाणवनस्पतींचा दुसरा तज्ज्ञ आसामहून यायला आठवडा लागेल. तेवढं थांबायची परवानगी मला नाही. यंत्र फक्त सांगतं की जनुक पाण्यात आहे. बरणी धुतलेल्या पाण्यातूनही ते येऊ शकतं. ते झाड इथं जिवंत आहे का, आणि कुठं आहे, हे डोळ्यांनीच पाहावं लागतं.’’

झाडाचं नाव वुल्फिया. फुलणाऱ्या झाडांत याच्याइतकं लहान जगात दुसरं नाही. मूळ नाही, देठ नाही, पान नाही. चिमटीत घेतलं तर ओल्या रव्यासारखं लागतं. बी धरायची वाटही ते सहसा पाहत नाही. आईच्या कुशीतून लेक फुटते, आणि त्या लेकीच्या पोटात नात आधीच तयार असते. ऊन आणि खाणं मिळालं की दीड-दोन दिवसांत एकाचे दोन होतात, आणि बघता बघता डबकं झाकून जातं.

बारा-पंधरा वर्षांपूर्वी एका कंपनीनं याच गुणाचा फायदा घेतला. या झाडात त्यांनी इन्सुलिनसारखं प्रथिन बनवणारं जनुक बसवलं, आणि त्या प्रथिनाला असं कवच दिलं की पोटातल्या आम्लातून वाचून ते रक्तापर्यंत पोचावं. मधुमेह्याला सुई टोचायची गरज उरली नाही. खिडकीत काचेची बरणी ठेवायची, ठरवून दिल्याइतकं हिरवं रोज सकाळी चमच्यानं खायचं. बरणी आपली आपण भरत राहायची. लोक तिला हिरवी मात्रा म्हणायला लागले. वीज जात-येत असणाऱ्या गावांत, जिथं इन्सुलिन थंड ठेवणं म्हणजे रोजची कसरत, तिथं या बरणीनं किती जीव तगवले याला गणती नाही.

पण जिवंत औषध म्हणजे सुटून जाऊ शकणारं औषध. म्हणून कंपनीनं त्याला लगाम घातला होता. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं एक हे झाड स्वतः बनवू शकत नसे. दर आठवड्याला बरणीत एक पुडी सोडावी लागे, तिच्यात ते असे. पुडी नाही, तर झाड उपाशी मरणार. कंपनीनं ते नद्यांत, विहिरींत, धरणांत सोडून पाहिलं होतं. कुठंही ते आठवडाभरसुद्धा टिकलं नव्हतं.

प्रणोतीनं पहिली काच सरकवली. खैरबोडीची मूळची वुल्फिया तिला लहानपणापासून ठाऊक होती. मोहरीसारखी गोल, गुळगुळीत. हिरव्या मात्रेसाठी कंपनीनं निवडलेली जात वेगळी. तिचा माथा चपटा, खाली केसाहून बारीक असं एक शेपूट. साध्या डोळ्याला दोन्ही सारख्याच, भिंगाखाली मात्र कुणी शाळकरी पोरही फरक सांगेल.

तलावाच्या मधलं पाणी: गोल. पैलतीर: गोल. शिंगाड्याची वाडी: गोल. प्रणोतीचा श्वास जरा मोकळा व्हायला लागला.

मग तिनं घाटाजवळची बाटली उघडली.

चपटे माथे. एकाला एक लागून, पोटुशा, टवटवीत, खाली शेपट्या लोंबणाऱ्या. मरायला टेकलेलं तर सोडाच, इतकं सुखात नांदणारं हिरवं तिनं प्रयोगशाळेतही पाहिलं नव्हतं.

‘‘आहे?’’ राजुरकरनं विचारलं.

‘‘आहे.’’

त्यानं डोळे मिटून उघडले. त्यालाही बरं वाटलं नव्हतं. ‘‘मग कुठून आलं हा प्रश्न. स्रोत माहीत असला, एकच असला, आणि पसारा एका कोपऱ्यापुरता असला, तर मला तेवढाच कोपरा पडदा लावून बंद करता येतो. स्रोत माहीत नसेल तर सगळा तलाव. कुणी एका जागी टाकलं की दहा जागी, काय सांगावं? गावात बरण्या तीन होत्या. दोन मी सकाळी स्वतः पाहिल्या, त्या भरलेल्या आहेत. तिसरा पेशंट वारला, त्याची उपकेंद्रात परत आलेली आहे. म्हणजे बाहेरच्या कुणाचा उद्योग. तो कसा सापडणार?’’

तिसरा पेशंट म्हणजे पुंडलिक नान्हे. प्रणोतीचे वडील. गेल्या पावसाळ्याअखेर ते गेले तेव्हा प्रणोती मेघालयातल्या दलदलीत झाडं मोजत होती. दरड कोसळून रस्ता बंद झाला, आणि ती पोचली तेव्हा राख थंड झालेली होती. एकुलती एक लेक असून अग्नी पुतण्यानं, होमराजनं दिला.

परत आलेली बरणी भरलेली होती की रिकामी, हे तिनं राजुरकरला विचारायला हवं होतं. तिनं विचारलं नाही.

‘‘पाणी पिऊन येते,’’ ती म्हणाली आणि घराच्या वाटेला लागली.

देवका, तिची आई, मागच्या अंगणात जाळं शिवत बसली होती. लेकीला पाहून तिचा चेहरा उजळला. ‘‘आली का माय? भात झाकून ठेवला हाय. आर्वीचं काही समजलं?’’

‘‘नाई अजून.’’ प्रणोती दारातच उभी राहिली. आत देवघराच्या कोनाड्यात, खिडकीतलं ऊन जिथं पडतं तिथं, फळीवर बरणीच्या बुडाचा गोल डाग अजून दिसत होता. ‘‘आई, बाबांची बरणी तू नर्सबाईंना परत दिलीस ना?’’

‘‘देली ना. घासूनपुसून देली. तिच्यात तोंड दिसे एवढी चमकवली.’’

‘‘आतलं काय केलंस?’’

‘‘आतलं? सोडलं.’’

‘‘कुठं?’’

‘‘पाण्यात. अजून कुठं सोडतात?’’ देवकाला प्रश्नच कळला नव्हता. ‘‘तेरवीले सगळं निर्माल्य घाटावर नेलं, हार, फुलं, तुळस, त्याच्यातच ते. बारा वर्सं देवापाशी ठेवलं होतं माय. रोज सकाळी देवाले हात जोडून, मग त्यातलं घ्यायचे तुझे बाबा. जित्तं होतं ते. नर्सबाईनं मोरीत ओतलं असतं.’’ तिनं दोरा दातानं तोडला. ‘‘मले वाटलं दोन दिवसांत जाईन. पण ते राहिलं. त्यांचा डोंगा बांधायचे ना, तिथंच. मासे धुवाले गेलं का दिसते. बरं वाटते.’’

मासे धुवायला.

प्रणोती उंबऱ्यावर बसली. कंपनीनं लगाम नद्यांत तपासला होता, धरणांत तपासला होता. पण ज्या घाटावर रोज टोपल्यांनी मासे साफ होतात, रक्त, खवलं, आतडी पाण्यात पडून कुजतात, तिथं तपासायचं कुणाच्या मनातही आलं नसणार. कुजणाऱ्या मासळीतून अमिनो आम्लं सुटतात. जी पुडी आठवड्याला एकदा मिळायची, ती इथं रोज मिळत होती. गाव आपल्या हातांनी त्या हिरव्याला भरवत होतं, आणि सगळ्यांत जास्त तिची आई.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘आर्वीनं तेच खाल्लं.’’

देवकाच्या हातातलं जाळं मांडीवर पडलं. आर्वी दिवसातून दहादा या अंगणात यायची. आजी म्हणून हाक मारायची, कारण सख्खी आजी तिला नव्हती.

‘‘मी... आर्वीले?’’

‘‘तू मुद्दाम केलं नाहीस.’’

‘‘होमराजले काय तोंड दाखवू मी?’’ देवकानं पदर तोंडावर धरला. मग एकदम पुढं सरकून तिनं लेकीचा हात पकडला. ‘‘तू नको सांगू. मी सांगीन त्याले, माझ्या तोंडानं. आज नाई, पोरगी डोळे उघडू दे. उद्या सांगीन. एवढं कर माझ्यासाठी.’’

‘‘उद्या तलावच नसेल आई. आज कळलं की कुठून आलं, तर घाटापुरतं बंद करतील. नाहीतर सगळं मारतील.’’

‘‘मग आपलंच हाय, जुनंच हाय, असं लिही! कोणाले समजते भिंगातलं?’’

‘‘अन् उद्या दुसऱ्या पोरीनं खाल्लं तर?’’

देवकानं हात सोडला. दोघींच्या मधे जाळं पडलं होतं. आईनं मागितलं होतं फक्त एका दिवसाचं थांबणं, आणि तेवढंच प्रणोतीजवळ नव्हतं.

ती आईला काही कबूल न करता उठली आणि थेट घाटावर गेली. अजून एक आशा होती. स्रोताचं नाव न घेता नुसत्या जागेच्या पुराव्यावर राजुरकर ऐकेल, अशी. तिनं पायरीपासून आत सरळ दोरी लावली आणि दोरीच्या कडेनं पाणी घेत गेली. पायरीपाशी नुसते चपटे माथे. थोडं आत गेल्यावर चपटे आणि गोल मिसळलेले, पण चपटे फिकट, पोटात लेक नसलेले. अजून आत, जिथं मासळीचं पाणी पोचत नव्हतं, तिथं पांढरी पडलेली मढी. त्याच्यापुढं फक्त खैरबोडीची आपली गोल.

शेडमध्ये राजुरकरनं सगळ्या काचा स्वतः पाहिल्या. ‘‘सुंदर काम आहे,’’ तो म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं. ‘‘पण मॅडम, हे एवढंच सांगतं की या घाटाबाहेर ते जगत नाही. मासे धुवायची दुसरी जागाच नाही का या तलावावर? ओढ्याच्या तोंडाशी? पलीकडच्या वस्तीत? कुणीतरी शपथेवर सांगायला हवं की एकदाच, इथंच सोडलं. नाहीतर...’’ त्यानं बाहेर पाहिलं.

टँकरवरच्या माणसानं ड्रोनची पाती फिरवून पाहायला सुरुवात केली होती. पाळीवर गाव जमलं होतं. बायका टोपल्या उलट्या घालून त्यांवर बसल्या होत्या. होमराज शेडच्या खांबाला टेकून उभा होता. सूर्य पलीकडच्या झाडांना टेकला.

प्रणोतीनं गावाकडच्या वाटेवर नजर टाकली. आई येईल, स्वतःहून येईल, असं तिला क्षणभर वाटलं. वाट रिकामी होती.

‘‘स्रोत एकच आहे,’’ ती म्हणाली. आवाज आपला आहे असं तिला वाटेना. ‘‘माझ्या वडिलांची बरणी. तिच्यातलं आईनं तेरवीच्या निर्माल्याबरोबर घाटावर सोडलं. एकदाच. परत गेली ती रिकामी बरणी होती.’’

होमराज खांबापासून सरकला. ‘‘काकूनं?’’ त्यानं विचारलं. मग पुन्हा, जणू आधीचं कुणी दुसऱ्यानंच विचारलं होतं, ‘‘आमच्या काकूनं?’’ पाळीवर कुजबुज पसरत गेली, आणि एक बाई मोठ्यानं म्हणाली, ‘‘घरातल्याच माणसानं पोरीले खाऊ घातलं म्हणा!’’

राजुरकरनं टँकरकडं हात केला. पाती थांबली.

देवकाला शेडमध्ये आणलं तेव्हा अंधारून आलं होतं. तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं, सही केली. होमराजसमोर उभी राहून तिनं हात जोडले, आणि तो मान वळवून निघून गेला. लेकीकडं मात्र देवकानं पाहिलंच नाही. घरी परतताना ती दहा पावलं पुढं चालत होती, आणि प्रणोतीनं अंतर कमी केलं की ती पाय उचलायची.

दुसऱ्या दिवशी आर्वीनं डोळे उघडले आणि पहिलं काय मागितलं तर शिरा.

घाटाभोवती प्लॅस्टिकचा पडदा लागला. मासळी धुवायला पाळीच्या पलीकडं सिमेंटचं टाकं बांधून झालं. पडद्याच्या आत खाणं तुटलेलं हिरवं दिवसेंदिवस फिकट होत चाललं. ते जाळीनं काढायचं, ताडपत्रीवर सुकवायचं, मग जाळायचं, असा हुकूम होता. प्रणोतीनं रजा वाढवून घेतली आणि ती रोज पाण्यात उतरू लागली. दुसऱ्या सकाळी पाहते तर पायरीवर देवका. तिच्या हातात पुंडलिकची जिऱ्याची जाळी होती. अंड्यातून नुकती निघालेली, जिऱ्याएवढी पिल्लं धरायला लागते ती, मलमलीसारखी बारीक. तिच्यातून हिरव्याचा एक कणही निसटत नव्हता. तिला कुणी बोलावलं नव्हतं. गावातली एकही बाई तिच्याशी बोलत नव्हती, आणि ती लेकीशी बोलत नव्हती. मायलेकी शेजारी शेजारी वाकून गाळत राहायच्या. देवकावर खटला उभा राहणार होता, त्याचं काय होईल हे राजुरकरलाही सांगता येत नव्हतं. आपण बरोबर केलं याबद्दल प्रणोतीला शंका नव्हती, पण त्यानं मनाला काडीचा आराम पडत नव्हता.

शेवटी एका सकाळी भिंगाखाली एकही चपटा माथा सापडला नाही. सुकलेल्या हिरव्याचा ढीग काठावर गवऱ्यांवर रचला. राजुरकर पंचनाम्याला आला होता. पाळीवर होमराज उभा होता, आर्वीचं बोट धरून. ‘‘आजी!’’ पोरीनं हाक मारली. होमराजनं तिचं बोट सोडलं नाही, पण तो तिला घेऊन परतही गेला नाही.

देवकानं कमरेची काडेपेटी काढली आणि तितक्या दिवसांत पहिल्यांदा लेकीच्या तोंडाकडं पाहिलं.

‘‘तुझे बाबा गेले तवा तू नोहोतीस,’’ ती म्हणाली. ‘‘होमराजनं अग्नी दिला. आता तू दे.’’

प्रणोती जागची हलली नाही. तिच्या कुर्त्याच्या खिशात एक काचेची नळी होती. पहिल्याच दिवशी घाटावरून घेतलेली, झाकण घट्ट लावलेली, बाबांच्या घरात उरलेल्या पुड्यांतलं रोज चिमूटभर घालून जगवलेली. अभ्यासाला लागेल, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. ते खोटं होतं. रोज सकाळी ती नळी उजेडात धरून पाहायची आणि तिला बरं वाटायचं.

तिनं नळी बाहेर काढली. आईनं ती पाहिली, आतलं टवटवीत हिरवं पाहिलं. प्रणोतीनं झाकण उघडून सगळं ढिगावर ओतलं, नळी उलटी करून बोटानं टिचकी मारली, शेवटचा कण पडेपर्यंत.

मग तिनं हात पुढं केला, आणि देवकानं काडेपेटी तिच्या हातावर ठेवली.